आईचं दुखणं आणि फादरांचं तत्त्वज्ञान

इंजेक्शन घेणं पाप नाही, एवढं एक वाक्य मला फादरांच्या तोंडून हवं होतं. माझ्या आईपुढे ते त्यांनी उच्चारलं नाही. पुढे मी ते त्यांच्याकडून वदवून घेतलं, आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगून ठेवते.

वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं. देवळीच्या रस्त्याला मिशनचा छोटा दवाखाना होता, तिथे मी नर्स होते. आमचं घर आजोबांपासून कॅथलिक. आजूबाजूला सगळे कपाशीवाले शेतकरी आणि शाळामास्तर. फादर बाहेरून आलेले, खूप शिकलेले आणि बोलायला गोड. दर गुरुवारी संध्याकाळी ते आम्हा मोठ्यांचा धर्मवर्ग घेत. ईस्टरच्या आधीच्या उपवासांत त्यांचा विषय ठरलेला असे : दुःख. जुने ग्रीक आणि रोमन तत्त्वज्ञ म्हणत की दुखणं वाईट नसतं, त्याबद्दलचं आपलं मत वाईट असतं. मत आवरलं की माणूस मोकळा. चर्चच्या आचार्यांनी ते उचललं आणि पुढे नेलं. नुसतं सोसून काय उपयोग, ते ख्रिस्ताच्या दुःखाला जोडा, दुसऱ्यांच्या आत्म्यासाठी अर्पण करा. एका आचार्यांचं तर म्हणणं असं की वाईटाला स्वतःचं अस्तित्वच नाही, ते म्हणजे फक्त चांगल्याचा अभाव. मी मान डोलवत ऐकायची. तेव्हा आमच्या घरात कुणाचं काही दुखत नव्हतं.

मग आईच्या पोटात तो अभाव निघाला, चांगली पेरूएवढी गाठ. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासून मान हलवली आणि दुखणं दबवायला मॉर्फियाचं इंजेक्शन लिहून दिलं. शेजारचे मास्तर म्हणाले, मागच्या जन्मीचे भोग. त्यांच्यावरही मी चिडले, पण ते निदान सायकल हाणत वर्ध्याहून औषध घेऊन आले होते.

आईनं दंड पुढे केला नाही. आमच्याकडे अशी रीत होती की उपवासातल्या शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची प्रार्थना झाली की फादर वेदीजवळून सांगत, कोणत्या आजाऱ्याचं दुखणं कशासाठी अर्पण होणार. आईचं दुखणं गावातल्या मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी लागलं होतं. तिनं त्यावरून स्वतःचा हिशेब मांडला.

"खिळे ठोकायच्या आधी शिपायांनी येशूले गुंगीचा द्राक्षारस देला, त्यानं तोंड फिरवलं," ती मला म्हणाली. "मी कशी सुई घेऊ? पानी टाकलेलं दूध देवाले वाह्यचं काय?"

मी फादरांकडे गेले. म्हटलं, "तुम्ही येऊन एवढंच सांगा की घेतलं तर पाप नाही."

"पाप नाहीच," ते शांतपणे म्हणाले. "पण तिच्या हाती मोठी कृपा आली आहे. ती मी कशी काढून घेऊ?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. मला त्या क्षणी त्यांचा गळा धरावासा वाटला. ते जुने तत्त्वज्ञ निदान स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलत असतील. हे बसले होते खुर्चीत, पोटभर जेवून, आणि थोरवी दुसऱ्याच्या पोटातून काढत होते.

आई पदराचा बोळा दातांत धरून गेली. ओरडणं म्हणजे अर्पणातली चोरी, असं तिला वाटायचं. पुढच्या रविवारी फादरांनी प्रवचनात तिचे गोडवे गायले आणि सगळ्या बायकांनी डोळे पुसले.

त्या प्रवचनाला फळ आलं. नाचणगावची एक बाई, आईची जुनी मैत्रीण, छातीच्या गाठीनं अंथरुणाला खिळली. मी सुई घेऊन गेले तर म्हणाली, "तुह्या मायनं सोसलं, मी बी सोसीन." मी दोनदा गेले, दोनदा परत आले.

आणि त्याच उन्हाळ्यात फादरांना मुतखडा झाला.

दवाखान्याच्या खाटेवर ते गुरासारखे लोळत होते. डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं आणि ते हात धुवायला गेले. मी सुई भरली, सावकाश भरली, आणि खाटेजवळ उभी राहिले.

"दे ना," फादर म्हणाले.

"पाप तर नाही ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं, ते मला दिसलं, आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

"नाही. पाप नाही."

"मोठ्यानं सांगा."

त्यांनी सांगितलं. बाहेरच्या बाकावरच्या रोग्यांनी माना वळवल्या. मी इंजेक्शन दिलं.

दुसऱ्या दिवशी ते उठून बसले. माझी माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा मी म्हटलं, माफी राहू द्या, तुम्हाला नाचणगावला यायचं आहे. ते आले. अजून पाय लटपटत होते, तरी मी त्यांना बैलगाडीत बसवून त्या खडबडीत रस्त्यानं नेलं.

बाईच्या खाटेशी बसून त्यांनी सांगितलं की सुई घेणं पाप नाही, त्यानं अर्पण बाटत नाही, त्यांनी स्वतः घेतली आहे. मग तिनं दंड पुढे केला. मी सुई दिली. थोड्या वेळानं तिच्या कपाळावरच्या आठ्या सैल पडल्या, आणि ती हळू आवाजात म्हणाली, "फादर, मंग हे इच्या मायले काऊन नाई सांगितलं?"

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या मदतीला गेले नाही. सुई डबीत ठेवली आणि त्यांचं उत्तर ऐकायला खाटेच्या कडेवर बसले.