‘काही नाही’ लिहिलेली चिठ्ठी

बहात्तरच्या दुष्काळावर आमच्या सरांनी एक शोधनिबंध लिहिला. खडी फोडणाऱ्या मजुरांमध्ये क्षयाची लागण अपेक्षेपेक्षा कमी आढळली, असं त्यात ठामपणे म्हटलं आहे. शेवटी आभाराच्या यादीत माझंही नाव आहे. श्वसनरोग आणि प्रतिकारशक्ती यांवर आयुष्यभर काम करून मी निवृत्त झाले, तरी तो निबंध आठवला की तळपायाची आग मस्तकाला जाते. कारण त्यातलं खोटं मी माझ्या हाताने मोजून आणलं होतं.

मी नगरजवळच्या केडगावची, पुण्यात सरांच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागलेली. नगरकडच्या बायकांशी बोलू शकेल अशी मुलगी सरांना हवी होती, म्हणून ते मला पाथर्डीच्या बाजूला रस्त्याच्या दुष्काळी कामावर घेऊन गेले. काम सोपं होतं. हाताच्या कातडीत क्षयजंतूंच्या अर्काचा थेंब टोचायचा आणि तिसऱ्या दिवशी मोजपट्टी लावून सूज मोजायची. सूज आली तर लागण आहे, हात सपाट राहिला तर नाही. आम्ही तसंच शिकलो होतो. शिकवणारे पोटभर जेवणाऱ्यांचे हात बघून शिकवत होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मोजून झालं की चिठ्ठी द्यायची. सर म्हणाले, “निगेटिव्ह वगैरे त्यांना कळणार नाही. सरळ ‘काही नाही’ लिहा.” मला ते फारच आवडलं होतं. काय शहाणी मी! मुकादमाने तर परस्पर ठरवून टाकलं, ज्याचा हात सुजेल त्याला कामावरून काढायचं. मग काय, प्रत्येक बाई सपाट हात मोठ्या अभिमानाने पुढे करायची.

तिथे दोघी जावा शेजारी बसून खडी फोडायच्या. थोरली नुसती हाडं आणि खोकला. धाकटी नुकतीच माहेरून, कोल्हारहून आलेली, प्रवरेच्या कालव्यावर पिकणाऱ्या गावात चार महिने नीट जेवलेली. तिसऱ्या दिवशी धाकटीचा हात टरारून सुजला आणि मुकादमाने तिला तिथल्या तिथे घरी पाठवलं. थोरलीच्या हातावर साधा लाल ठिपकासुद्धा नव्हता.

“काय न्हाई ना, बाई?”

“काही नाही, अक्का.”

तिने चिठ्ठी दोनदा वाचून घेतली आणि तंबाखूच्या चंचीत घडी करून ठेवली. हसली, आणि हसताना तिला जी ढास लागली ती थांबेना. मुकादम म्हणाला, धूळ आहे, इथे सगळेच खोकतात.

संध्याकाळी मी सरांना म्हटलं, तिची थुंकी तपासू या, नगरला नेऊन एक्स-रे काढू या. सर वैतागले. “सपाट हाताच्या बाईचा एक्स-रे काढायचा, तर मग आपण चाचणी कशाला करतोय?” मी गप्प बसले. सरांचा राग मला आजही येतो, पण त्या गप्प बसण्याचा जास्त येतो.

उपाशी शरीराला सूज आणायचीही ताकद उरत नाही, हे मी पुढे शिकले. आत रोग पसरत असतो आणि हात सपाट राहतो. खाऊनपिऊन सुखी असलेल्याचा हात सुजतो, कारण त्याचं शरीर अजून भांडू शकतं. म्हणजे जिला पहिल्यांदा दवाखान्यात न्यायला हवं होतं, तिलाच मी चिठ्ठी लिहून दिली होती.

दोन महिन्यांनी दुसऱ्या फेरीला गेले, तर थोरलीची जागा रिकामी. धाकटी रस्त्याच्या कडेला माझी वाट बघत उभी होती.

“अक्का कुठे गं?”

“गेली ती. तोंडातनं रगात पडाया लागलं. तिचा भाऊ टेम्पो घिऊन आल्ता, नगरच्या दवाखान्यात न्यायला. न्हाई म्हनली. चिठ्ठी दावली त्याला. म्हनली, बाईनं सोता तपासलंय, मला काय न्हाई.”

ती शिव्या देईल, निदान रडेल, असं मला वाटलं. तिने कमरेची चंची सोडली, थोरलीचीच होती ती, आणि चिठ्ठी माझ्यापुढे धरली. अक्षर माझं, सही माझी.

“हिच्यावर तिचं नाव हाय. तेवढं खोडून माजं लिवा, बाई. माजा हात सुजला म्हून मुकादम कामावर घेत न्हाई.” आणि ती खोकली.

मी चिठ्ठी फाडली. सरांना न विचारता तिला दंडाला धरून जीपमध्ये बसवलं आणि ड्रायव्हरला म्हटलं, चल नगरला. चिठ्ठी फाडली म्हणून दवाखाना येईपर्यंत ती मला शिव्या घालत होती. मी तिला थांबवलं नाही.