एका घराची एक सुपारी

बी.ए.ला मी अमेरिकेचं राजकारण, शासन आणि सामाजिक इतिहास हा पेपर घेतला, तेव्हा आमच्या म्हैसूरच्या गल्लीत बातमी पसरली की शिंप्याची मुलगी अमेरिकेला चालली. दोन बायका तर व्हिसाचं विचारायला घरी आल्या. मला फक्त तिकडच्या सिनेटमध्ये कायदा कसा अडकतो तेवढंच माहीत आहे, असं मी त्यांना सांगितलं. चहा पिऊन त्या गेल्या.

शिकवायला सर हुणसूरहून बसने यायचे. बसला उशीर झाला की आमची अमेरिकाही उशिरा सुरू व्हायची, पण एकदा उभे राहिले की जीव ओतून शिकवायचे. बायकांच्या मताधिकारावर बोलताना ते म्हणाले, "विरोध करणारे सगळे दुष्ट होते असं समजू नका. त्यांचं म्हणणं साधं होतं. घर एक, घराचं हित एक, मग मतही एकच पुरे. ते घरातला पुरुष देतो." वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही, कारण हेच मी आमच्या विठ्ठल मंदिरात लहानपणापासून ऐकत आले होते.

आमची मराठी शिंप्यांची घरं कैक पिढ्या म्हैसूरचीच. मंदिराचा मोठा निर्णय असला की सगळे सभामंडपात जमतात. देवापुढे दोन ताटं मांडतात, एक होकाराचं, एक नकाराचं, आणि प्रत्येक घरचा कर्ता पुरुष आपली सुपारी एका ताटात ठेवतो. घरटी एक सुपारी. ज्या घरात पुरुष राहिला नाही, त्या घराची सुपारी भाऊबंदांपैकी कुणीतरी ठेवतो. बाबा गेल्यावर आमची सुपारी काकांच्या हातात गेली. आईला कुणी विचारलं नाही आणि तिनेही काही म्हटलं नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना मंदिरापुढचे गाळे पाडून तिथे लग्नाचा हॉल बांधायचं निघालं. त्यातल्या एका गाळ्यात बाबांचं टेलरिंगचं दुकान. बाबांमागे आईच ते चालवायची. नजरबादच्या कचेऱ्यांतल्या बायका तिच्याकडे ब्लाउज शिवायला टाकायच्या. काका हॉलच्या बाजूचे होते आणि ते लपवतही नव्हते. म्हणजे आमचं दुकान पाडायला आमचीच सुपारी पडणार. माझं डोकंच फिरलं.

"तुझी सुपारी तू ठेव," मी आईला म्हटलं.

"सुम्ने, गप्प बस गं. उगाच भांडण कशाला?"

सरांना विधवांच्या मताचं विचारलं तर त्यांनी न्यू जर्सीची हकीकत सांगितली. देश नवा होता तेव्हा तिथे मिळकत असलेल्या विधवांना आणि अविवाहित बायकांना मत देता यायचं. नवरा असलेलीला नाही, कारण मिळकत नवऱ्याची. पुढे तो हक्कही काढून घेतला. मला एवढं पुरेसं होतं.

सभेच्या संध्याकाळी बायका मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी उभी राहिले आणि सगळं न्यू जर्सी सांगून टाकलं. लेकी बोले सुने लागे, हे कळायला तिथे कुणालाच वेळ लागला नाही. थांबायची मला काही बुद्धी झाली नाही.

समितीचे म्हातारे अध्यक्ष म्हणाले, "पुट्टी, अगं पोरी, अमेरिकेचं अमेरिकेत. आपल्याला ते कशाला बेकु?"

"मग इथलं सांगा मामा. बाबा होते तोवर आमचं घर होतं. आता दुकान आई उघडते, भाडं आई भरते. मग घर कुणाचं?"

कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, काका आता चिडणार. ते उठले, आईपाशी आले आणि सुपारी तिच्यापुढे धरली. "घ्या वहिनी. मी हिसकावून घेतली असं कुणी म्हणायला नको." रागाने म्हणाले की मनापासून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. अध्यक्षांनी देवाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि म्हणाले, "अडवणारा नियम तर काही नाही. आजवर कुणी मागितलंच नाही."

आई उठली. पदर सारखा केला. इतक्या माणसांतून ती एकटी पुढे चालत गेली. देवाला नमस्कार करून तिने सुपारी ठेवली. होकाराच्या ताटात. म्हणजे हॉलच्या बाजूने.

काकासुद्धा बघत राहिले.

हॉल मंजूर झाला. घरी येताना मी न राहवून फटकन म्हणाले, "हेच करायचं होतं तर काकांनीच ठेवली असती की! मी कशाला सगळ्यांपुढे शोभा करून घेतली?"

"दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसायचा मला कंटाळा आलाय," आई म्हणाली. "ती तुझ्या बाबांची हौस. मी घरी शिवीन. बायका माझ्या हातासाठी येतात, दुकानासाठी नाही."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू कुठं विचारलंस? तू म्हणालीस, तुझी सुपारी तू ठेव. ठेवली." तिच्या आवाजात राग नव्हता. ती म्हणाली, "आधी तुझे बाबा ठेवायचे. मग काका. आज तुला वाटलं, आपण सांगू तिथं आई ठेवेल. हौदु ना?"

वर्षभर मताधिकार शिकत होते, पण आईचं मत माझ्याविरुद्ध जाऊ शकतं, हे मला ती ताटापाशी वाकेपर्यंत सुचलंच नव्हतं.