फ्लास्कवरचा पालथा हात

डॉ. माधव शिरसाठ सरांची आणि माझी पहिली भेट पीएच.डी.च्या मुलाखतीत झाली. मी नामपूरहून पेशीविज्ञानाची पुस्तके घोकून गेले होते. सरांनी विचारले, जिलबीचे पीठ आंबले हे कसे ओळखाल? मी म्हणाले, वासावरून, आणि भांड्याला हात लावून. शेजारचे परीक्षक हसले. सर हसले नाहीत. सोमवारपासून या, एवढेच म्हणाले.

सरांचे सारे संशोधन यीस्टवर, म्हणजे पाव फुगवणाऱ्या त्या एकपेशीय जिवावर. हे काम नाशिकमध्ये बसून होणार नाही, असे त्यांना सांगणारे पुष्कळ भेटले. सरांनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि नाशिकमध्येच बसून ते केले. उष्णता, उपासमार, खारटपणा यांचा ताण आला की पेशी काय करते, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. एकदम कडक उष्णता दिली तर बहुतेक पेशी मरतात. आधी थोडी ऊब मिळाली, तर तोच मारा त्यांतल्या कितीतरी पेशी सोसतात, कारण तेवढ्या वेळात त्यांनी बचावाची तयारी केलेली असते. आज विद्यार्थ्यांना हे समजावताना आम्ही सगळे सरांचीच वाक्ये वापरतो, आणि ती स्वतःची असल्यासारखी वापरतो.

सरांना शिस्त प्रिय आणि यंत्रे त्याहून प्रिय. फ्लास्क सतत हलते ठेवणारा शेकर त्यांनी सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये स्वतः उभे राहून बनवून घेतला होता. पाहुण्यांना चहाआधी शेकर दाखवला जाई. त्यावर प्रत्येक फ्लास्कची जागा ठरलेली, म्हणजे घोटाळा नको. माझा फ्लास्क उजव्या कोपऱ्यात.

त्या फ्लास्कमध्ये एक जनुक काढून टाकलेले यीस्ट वाढत असे. साध्या यीस्टपेक्षा ते उष्णतेत कितीतरी जास्त तगून राही. तीन वर्षे दरवेळी हेच दिसले. आमचा शोधनिबंध छापून आला, प्रबंध बांधायला जाणार होता. त्या आठवड्यात एका दुपारी सर शेकरपाशी थांबले आणि तापातल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा त्यांनी माझ्या आणि शेजारच्या साध्या यीस्टच्या, दोन्ही फ्लास्कना पालथा हात लावला. माझा कोमट होता. त्या कोपऱ्याखाली शेकरची मोटर होती.

जागांची अदलाबदल करून प्रयोग केला, तर साधे यीस्टही तसेच तगले. माझ्या यीस्टचा पराक्रम जनुकाचा नव्हताच. ते बिचारे तीन वर्षे उबेला बसून तयार होत होते. मी सरांना म्हणाले, निबंध तर छापला गेलाय, आता कोणाला कळणार आहे? ते आठवून आजही मला माझीच लाज वाटते. सर रागावले नाहीत.

"आपल्याला कळलंय," ते म्हणाले. "तेवढं पुरे."

निबंध मागे घेण्याचे पत्र त्यांनी त्याच दिवशी लिहिले. यंत्र माझे, जागांची शिस्त माझी, म्हणून चूकही माझी, असे त्यात होते. दोषाच्या ओळीत माझे नाव कुठेही नव्हते.

पण घरी काय सांगायचे? बाबांनी मोजून तीन वर्षे दिली होती, पुढे लग्न ठरलेलेच. मी सांगायला धजेना, तेव्हा सर स्वतः नामपूरला आले. बाबा कांदा मार्केटात मापाडी, माल तोलून देणारे. ओट्यावर बसून सरांनी त्यांना मोटर, ऊब, फ्लास्क सगळे समजावले आणि आणखी एक वर्ष मागितले. मी दाराआड उभी होते.

"काटा चुकना तं माल परत मोजना पडस, सर," बाबा म्हणाले. "मोजू द्या तिले."

ते वर्ष मला मिळाले. पेशी ती थोडीशी ऊब किती काळ लक्षात ठेवते, हेच मोजायला सरांनी मला बसवले. त्यावर माझा प्रबंध झाला आणि तो पहिल्यापेक्षा चांगला झाला, हे मी विनयाची ऐशीतैशी करून सांगते.

या गौरवग्रंथासाठी सरांच्या शोधनिबंधांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. मागे घेतलेला निबंध मी गुपचूप वगळला. पंचाहत्तरीच्या ग्रंथात कशाला, असे मनाला समजावले. यादी सरांकडून तपासून आली, तेव्हा दोन ओळींच्या मध्ये पेन्सिलने तो निबंध लिहिलेला होता. पुढे ‘मागे घेतला’, आणि समासात ‘वगळू नये’. मी आधी लिहिलेला गोडगोड लेख बाजूला ठेवला आणि हा लिहायला बसले.

सर, आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यात आमचा स्वार्थ आहे हेही कबूल करते. परवा माझ्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीचा फार देखणा निकाल आला. अभिनंदन तोंडाशी आले होते, पण आधी मी दोन्ही फ्लास्कना पालथा हात लावला. दोन्ही सारखेच होते. तरी जागा बदलून पुन्हा करायला सांगितले आहे. ती जरा रुसली आहे. निकाल आला की, तो कसाही असो, तिला घेऊन मी आपल्याकडे येणार आहे.