पाच पट्ट्या आणि गुलाबी मेण

आमचे भावोजी कवळ्या बनवतात. ताईशी त्यांचं लग्न होऊन बावीस वर्षं झाली आणि तेवढ्या वर्षांत बाबांनी जावयाबद्दल एक चांगला शब्द काढलेला नाही. दुसरा एखादा असता तर त्याने नाद सोडला असता. भावोजींनी सासऱ्याचीच कवळी करायला घेतली. ती आजवर अकरा वेळा घासून झाली. दर वेळी बाबा ती तोंडात घालतात, जबडा इकडून तिकडे फिरवतात आणि निकाल देतात, "टोचते."

बाबा जहाजावर स्वयंपाकी होते. बाली बेटावरून त्यांनी एक वाद्य आणलं होतं: लाकडी पेटीवर काशाच्या पाच पट्ट्या आणि ठोकायला एक छोटी हातोडी. रोज संध्याकाळी चहा झाला की त्यावर एकच धून, तिथल्या एका म्हाताऱ्याने शिकवलेली. पेटीला हात लावायची मला, म्हणजे पोटच्या पोराला, मनाई. चाळीस वर्षं मी ती धून ऐकतोय आणि चाळीस वर्षं तिच्या नावाने बोटं मोडतोय.

यंदा बाबा ऐंशीचे होणार म्हटल्यावर भावोजींच्या डोक्यात किडा वळवळला. त्यांनी युकुलेले आणलं. चार तारांचं वाद्य, गिटारचं शेंडेफळ म्हणा ना. वाढदिवसाला सासरे धून वाजवणार आणि जावई कॉर्डची, म्हणजे एकदम छेडलेल्या तीन-चार सुरांची, साथ देणार, असा बेत. त्या धुनीचं कॉर्डवाचून आजवर काहीही अडलं नव्हतं, ही किरकोळ बाब.

"एक तरी 'वा' निघेल रे त्यांच्या तोंडून," ते मला म्हणाले.

"कवळी काढून ठेवलेली असेल तर निघेल कदाचित," मी म्हणालो.

तीन आठवडे दुकानामागच्या खोलीत मैफल चालली. श्रोते म्हणजे फळीवरचे दातांचे साचे, तोंड वासून बसलेले. पेटीतल्या पाच सुरांबाहेरचा एकही सूर चालणार नाही, असा भावोजींचा कायदा होता. नेमकी युकुलेलेची पहिली तारच बाहेरची निघाली. ती मोकळी वाजली की सहावा सूर आगंतुकासारखा घरात शिरायचा, म्हणून तिच्यावर कायम एका बोटाचा पहारा. मारूनमुटकून तीन कॉर्ड जमल्या. पण दुसरी पट्टी काही केल्या जुळेना. तिचा सूर युकुलेलेच्या पडद्याहून केसभर खाली होता.

न बसणाऱ्या वस्तूचं काय करायचं, हे कवळ्या बनवणाऱ्याला शिकवावं लागत नाही. बाबा डोळे तपासायला गेले असताना भावोजींनी ती पट्टी दुकानात नेली, टोक घासून सूर वर चढवला, दातांसारखी चकाचक केली आणि गुपचूप परत बसवली.

वाढदिवसाला बाबांनी हातोडी उचलली. पहिली पट्टी, दुसरी, आणि ते थांबले. दुसरी पुन्हा ठोकली. तिच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"जावईबापू, हीपण घासलीत?"

मला फिस्सकन हसू आलं. ताईने असं काही पाहिलं की ते घशातच राहिलं.

"ज्याने शिकवलं तो म्हातारा केव्हाच गेला असेल," बाबा म्हणाले. "त्याचा सूर होता हा." आणि त्यांनी पेटीवर कापड टाकलं.

त्यानंतर तीन संध्याकाळी चहा झाला आणि पुढे काहीच झालं नाही. बाबा नुसते खिडकीशी बसायचे. मला ते बघवेना.

चौथ्या दिवशी भावोजी आले ते कवळीच्या साच्याचं गुलाबी मेण घेऊन. घासलेलं काही परत येत नाही, पण टोकाला वजन लावलं तर सूर उतरतो, हे त्यांनी कुठल्याशा भंगार पट्टीवर करून पाहिलं होतं. ते पट्टीखाली कणकण मेण चिकटवत होते आणि बाबा डोळे मिटून सांगत होते, "अजून खाली... अजून. आता फार झालं, काढ थोडं."

बावीस वर्षांत बाबांनी त्यांना पहिल्यांदा अरेतुरे केलं.

मग बाबांनी धून वाजवली. भावोजींनी त्याच तीन कॉर्ड दिल्या, आणि दुसऱ्या पट्टीची पाळी आली की ते तारांवर तळहात ठेवून गप्प बसायचे. दर वेळी. तेवढ्या जागेत ती पट्टी एकटीच वाजत राहायची.

धून संपली. बाबांनी जबडा इकडून तिकडे फिरवला.

"टोचत नाही."

भावोजी उठून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला लागले. मी त्यांची टिंगल करायला तोंड उघडलं होतं, पण जमलं नाही. माझ्या वाट्याला त्या घरात तेवढंसुद्धा कधी आलेलं नाही.