लाखातून उरलेलं पान

कुठलाही आकडा सांगा, आमच्या गल्लीतल्या बाई आधी विचारायच्या, "किती जणांत वाटायचा?" हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेल्या. रिक्षाचा नंबर दिसला तरी मनात भागत बसायच्या आणि तो कशानंच भागला नाही की खूश व्हायच्या. मी चौथी शिकलेली. मला वाटायचं, बाईला दुसरं काम नाही.

श्रावणात आम्ही दहाजणी महादेवाला बेलाची लाखोली वाहायचो. लाख पानं, प्रत्येकीची दहा हजार. आमच्यातल्या थोरल्या काकूंच्या माहेराहून, कोडोलीहून, बेलाची पोती यायची. घरी बसून मोजायची, देवळात नेऊन वाहायची. बाईंचे यजमान गेले त्या वर्षी काकूंनी ठरवलं, यंदा फक्त सवाष्णी. म्हणजे बाई सोडून नऊ. त्यांना सांगायला कोणी गेलं नाही. त्यांना समजलंच.

पण लाख काही नऊजणींत बसेना. प्रत्येकीला अकरा हजार एकशे अकरा देऊन एक पान उरलं. ते जी वाहील तिच्या हातून लाखोली पुरी होणार. मग काय, भांडण. काकू म्हणाल्या, बेल माझ्या माहेरचा. दुसरी म्हणाली, मग ने परत माहेरी.

हिशेबच चुकला असेल म्हणून मी बाईंकडं गेले. त्या भाजी निवडत होत्या.

"चुकला न्हाय, आक्का. दहातून नऊ गेले की एक उरतो. शंभर नऊजणींत वाटा, एकच उरतो. हजाराचंही तसंच. पुढं कितीही शून्यं लावा."

"कोटी?"

"एकच."

मला खरं वाटेना. घरी तुरीच्या डाळीचे शंभर दाणे घेऊन बघितलं. एकच उरला. तुम्हीही करून बघा. परत जाऊन विचारलं, सातजणी असलो तर? पाच उरतील, म्हणाल्या. लाख दोन आणि पाच गुणत गुणतच होतो, त्याच्या पोटात तिसरा आकडा नाही, त्यामुळं तीन, सात, नऊ यांना तो पुरा वाटून मिळतच नाही. आठ दोनांचेच, म्हणून आठजणींना मिळतो. एकीला काढा, असं त्या म्हणाल्या नाहीत. एकीला घ्या, असंही नाही.

मी हे सांगितल्यावर काकू स्वतः माझ्यासंगं बाईंच्या दारात आल्या. ते उरलेलं पान तुम्ही वाहा, म्हणाल्या.

"उरलेलं एक नको मला," बाई म्हणाल्या. "माझी दहा हजार द्या."

मी काकूंना म्हटलं, "द्या की. मोजून माझी बोटं दुखाय लागल्यात."

नऊजणींनी आपापल्या वाट्यातली अकराशे अकरा पानं परत आणली. झाली नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. त्यात ते एक टाकलं. ढिगाकडं बघून बाई हसायलाच लागल्या.

पुढं कैक वर्षांनी, यंदाच्या माघात बाई गेल्या. आम्ही पुन्हा नऊ. आमच्यातल्या तिघींचे नवरे आता नाहीत, पण त्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही. परवा काकू म्हणाल्या, लाख झेपत नाहीत आता, एकशे आठच वाहू. नऊजणींत बारा-बारा, उरत काही नाही.

मी म्हटलं, "लाखोलीच वाहायची. उरू दे एक."