गोळी खाणारे गृहस्थ

संध्याकाळी वन-नॉर्थहून, कामावरून परतताना एमआरटी मेट्रोत एक पन्नाशीचे गृहस्थ नेहमी समोर दिसत. हातातल्या मोबाइलवर गोळीबाराचा गेम, पडद्यावर रक्ताचा सडा. नेम इतका वाईट की सारखे मरायचे. मला चीड यायची.

एकदा ते माइकमध्ये पुटपुटले, "अगं, पडलो बघ!" परक्या देशात मराठी ऐकून माझ्या तोंडून निघालंच, "असल्या गेमवर बंदीच घालायला हवी!"

त्यांनी कानातली वायर काढली. "रक्त काढून टाका की खुशाल," ते हळूच म्हणाले, "पण गोळी राहू द्या. लेक पुण्यात असते. फोन केला तर नुसतं 'हं, हं' करते. इथे गेममध्ये मी पडलो, की सगळं सोडून उचलायला धावत येते."

वायर पुन्हा कानात गेली. गेममधल्या आपल्या माणसाला त्यांनी भिंतीआडून अलगद उघड्यावर आणलं.