दुसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी

सुई टोचली की काका उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि म्हणायचे, "दुखलं. नोंद घ्या."

डावा हात माझ्या ताब्यात असायचा. डायलिसिसच्या पेशंटच्या हातात शीर आणि धमनी जोडून एक फुगीर वाट तयार केलेली असते. तिच्यात आम्ही टेक्निशियन लोक दोन जाड सुया घालतो. एकीतून रक्त मशीनमध्ये जातं, दुसरीतून धुऊन परत येतं. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. काकांचे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार. माझी नोकरी त्याच ट्रस्टच्या हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर. नागरवाड्यातून मी चालत जायची, काका आणि काकू सुभानपुऱ्याहून रिक्षाने यायचे.

ते बँकेतून निवृत्त झालेले. नोकरीपेक्षा जास्त जीव त्यांनी कर्मचारी युनियनमध्ये घातला होता. वर्षानुवर्षं सेक्रेटरी. मधुमेहाने किडन्या गेल्या आणि ते आमच्याकडे आले. पहिल्याच दिवशी मशीनकडे, छताकडे, मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "इथे युनियन आहे का?"

"स्टाफची?"

"पेशंटांची, बेटा."

मी हसले. ते हसले नाहीत.

तुम्ही कधी डायलिसिसच्या विभागात गेला असाल, तर तिथली थंडी तुमच्या लक्षात आली असेल. मशीनसाठी एसी लागतो, आणि बाहेर फिरून आलेलं रक्त अंगात थंडावा आणतं. लोक कुडकुडत पडलेले असतात. काकांनी ब्लँकेटं मागितली. मी वर सांगितलं, वरून उत्तर आलं नाही. पुढच्या बुधवारी सगळ्यांना सुया लावून झाल्यावर काका एकदम मोठ्या आवाजात गुजरातीत म्हणाले, "भाईओ अने बहेनो, सभा शरू थाय छे!"

सगळा हॉल दचकला. सभा सोडून निघून जायची कोणाला सोयच नव्हती. प्रत्येक जण चार तास मशीनला जोडलेला. काकांनी ब्लँकेटचा ठराव मांडला. "हाथ ऊंचो करो," म्हणाले. सगळ्यांचा एकेक हात मोकळा होता. समोरच्या खाटेवरच्या हंसाबेननी सर्वांत आधी वर केला. या हंसाबेन पादरा गावच्या, भाजी विकायच्या, आवाज असा की खालच्या मजल्यावर ऐकू जावा. त्या ओरडल्या, "अमने ठंडी लागे छे!" काका म्हणाले, "हे अनुमोदन झालं."

आठवड्यात ब्लँकेटं आली. एका विश्वस्तांनी ती वाटतानाचा फोटो काढून घेतला. हंसाबेन काकांना म्हणाल्या, "तमे तो जबरा, सेक्रेटरीसाहेब!" तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावर त्यांचं तेच नाव पडलं. फक्त मी काका म्हणायची, कारण काकू मला घरून आणलेली थालीपिठं द्यायच्या, आणि जिच्या हातचं थालीपीठ खाल्लं तिच्या नवऱ्याला साहेब म्हणणं मला जमेना.

ते काही साधू नव्हते. लहरीपुऱ्यातून येताना काकूंचा डोळा चुकवून लीलो चिवडो, म्हणजे तिथला ओला चिवडा, घ्यायचे. त्यातला बटाटा आणि मीठ म्हणजे किडनीच्या पेशंटला विषच. मला पुडी सापडली की म्हणायचे, "याची मात्र नोंद घेऊ नका."

पेशंटांचं मंडळ रीतसर स्थापन झालं. अध्यक्ष, सेक्रेटरी, कार्यकारिणी. मग एक अडचण येऊ लागली. कुठल्याही संस्थेचे सभासद वर्गणी थकली की गळतात, आमचे मरायचे. कार्यकारिणीतल्या दोन जागा भरल्या की तिसरी रिकामी. काका सभेच्या सुरुवातीला श्रद्धांजली घ्यायचे. "उभं राहता येत नाही," ते म्हणायचे, "म्हणून डोळे मिटू." सगळे डोळे मिटायचे. तेवढा वेळ फक्त मशीनच्या पंपांचा आवाज.

मग हंसाबेनच्या रक्ताचा रिपोर्ट आला. हिपॅटायटिस सी. ही रक्तातून पसरणारी कावीळ. आमच्याकडे येताना त्यांना ती नव्हती. पुढे आणखी एकाला निघाली, मग आणखी एकाला.

व्यवस्थापक वर आले. म्हणाले, "हे लोक बाहेरून घेऊन येतात. न्हाव्याकडे दाढी करतात, दात काढतात."

काका पडल्या पडल्या म्हणाले, "हंसाबेन दाढी करत नाहीत, साहेब."

हॉल हसला. हंसाबेनसुद्धा हसल्या. व्यवस्थापक हसले नाहीत, आणि काकाही.

मला माहीत होतं, आणि काकांनी एवढ्या दिवसांत डोळ्यांनी पाहिलं होतं. लागण झालेल्यांसाठी वेगळं मशीन नव्हतं. हातमोजे पुरवून पुरवून वापरा, असं आम्हाला सांगितलं होतं. एक पेशंट उठला की घाईघाईने दुसरा आडवा. काकांनी दोन मागण्या तयार केल्या. लागण झालेल्यांसाठी वेगळी खोली आणि वेगळं मशीन द्यावं. आणि प्रत्येकाच्या तपासणीचा निकाल त्याचा त्याला सांगावा.

लेखी उत्तर आलं नाही. एक निरोप आला, तोही वॉर्डबॉयच्या तोंडून, प्रत्येक खाटेपाशी थांबून सांगितलेला. ज्यांना इथली सोय पसंत नसेल त्यांनी दुसरीकडे जावं, इथे जागेसाठी पुष्कळ लोक वाट बघतायत.

दुसरीकडे म्हणजे कुठे? खासगीत जायची कोणाची ऐपत नव्हती. सरकारी ठिकाणी रांग. आणि डायलिसिस दोन आठवडे चुकलं तर काय होतं, हे त्या हॉलमध्ये कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढच्या सभेत काकांनी ठराव वाचला. "हाथ ऊंचो करो."

हंसाबेनचा हात वर गेला. काकांचा गेला. बाकी कोणाचा नाही. गोरव्याचा रिक्षावाला, आमचाच एक पेशंट, जो नेहमी दोन्ही हात वर करायला बघायचा आणि माझी बोलणी खायचा, त्याने तोंडावर ब्लँकेट ओढून घेतलं. मी पंपाचे आकडे बघत उभी राहिले. काकांनी सगळ्या खाटांवरून नजर फिरवली.

"ठराव फेटाळला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

सुया काढताना मला हळू आवाजात म्हणाले, "बँकेत संप केला की पगार कापायचे. इथे या बिचाऱ्यांचं काय कापतील, ते त्यांना कळतं. त्यांची चूक नाही, बेटा."

हंसाबेन उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी गेल्या. आम्ही डोळे मिटले.

काका मग शहरातल्या किडनीच्या डॉक्टरांच्या संघटनेकडे गेले. त्यांची बैठक अलकापुरीतल्या एका हॉटेलात असायची. चार खेटे घातल्यावर, बैठकीच्या शेवटी थोडा वेळ बोला, असं कळलं. काकूंच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता म्हणून मी बरोबर गेले. काकांनी लग्नकार्यात घालायचा कोट घातला होता. तो खांद्यावरून ओघळत होता.

ते हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्यातल्या एखाद्या डॉक्टरला कोणी मारहाण केली, तर तुमची संघटना रस्त्यावर उतरते. उतरलंच पाहिजे. मीही जन्मभर तेच केलं. पण आमचे सभासद रस्त्यावर उतरू शकत नाहीत. पहिल्या चौकात धाप लागते. तुम्ही एक पत्रक काढा. सगळ्या केंद्रांना सांगा, वेगळं मशीन ठेवा. तुमच्या सहीला लोक घाबरतात. आमच्या सहीला कोणी घाबरत नाही."

अध्यक्ष सौजन्याने म्हणाले, "विषय महत्त्वाचा आहे. पण कुठल्या एका संस्थेवर बोट ठेवल्यासारखं होईल. आपले बरेच सभासद तिथे सेवा देतात. आपण एक अभ्यास समिती नेमू या."

काका समित्यांना ओळखून होते. ते खाली बसले. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक तरुण डॉक्टरीण उठली. आमच्याच हॉस्पिटलात काम करणारी. ती मला ओळखेल म्हणून मी काकांच्या खुर्चीमागे सरकले.

"समिती कशाला?" ती म्हणाली. "मी तिथे रोज जाते. काका सांगतात ते खरं आहे. मी दोनदा वर लिहून दिलंय. आता तुमच्यासमोर सांगते."

कोणीतरी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बरीच चर्चा झाली, ती इंग्रजीत. पण पत्रक निघालं. सगळ्या केंद्रांना गेलं, सरकारी आरोग्य खात्यालाही गेलं. काका परतताना रिक्षात म्हणाले, "एक माणूस उभा राहिला की पुरतं. दुसरा उभा राहायला वेळ घेतो, इतकंच."

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी मला बोलावलं. "तू तिथे काय करत होतीस?"

"काकांना जिना चढताना आधार द्यायला गेले होते."

ते खरंच होतं. त्यांनी मला कामावर परत पाठवलं. त्या डॉक्टरणीचा करार मात्र संपला तेव्हा पुन्हा झाला नाही. ती सुरतेला गेली.

पत्रकावरून खात्याची तपासणी यायला कित्येक महिने गेले. शेवटी हॉलच्या टोकाची सामानाची खोली रिकामी झाली, तिथे वेगळं मशीन आलं. फीत कापली. भाषणात ट्रस्टच्या दूरदृष्टीचा उल्लेख झाला, मंडळाचा नाही. काका प्लास्टिकच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते. मी म्हटलं, "काका, तुमचं नाव घ्यायला हवं होतं."

"मशीनवर नाव नसतं," ते म्हणाले. "त्याला पाणी नीट येतं का, ते बघ."

त्यानंतरच्याच तपासणीत काकांच्या रक्तात हिपॅटायटिस सी निघाला.

निकाल ज्याचा त्याला सांगायचा, ही त्यांचीच मागणी. ती आता मान्य झाली होती, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी रिपोर्ट हातात घेऊन त्यांच्या खाटेपाशी उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कळलं," म्हणाले. "चल, माझी गादी आत टाक."

काकू खाटेशेजारी उभ्या होत्या. त्या कधी मोठ्याने बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी बोलल्या. "आधी बँकेतले लोक, मग इथले. जन्म गेला तुमचा दुसऱ्यांसाठी ठराव मांडण्यात. माझ्यासाठी एक तरी मांडलात? आपण मुकाट्याने खासगीत गेलो असतो, सुभानपुऱ्याचा ब्लॉक विकला असता, तर हे झालं असतं का?"

  काकूंचा पदर खांद्यावरून घसरला होता, तो काकांनी उजव्या हाताने नीट केला. काकू रडत बाहेर जाऊन बसल्या.

काविळीवर गोळ्या असतात. त्यांनी त्या घेतल्या. पण हृदय आधीच थकलेलं होतं, आणि त्यात त्या खोलीतलं एकटेपण. बाहेर बाकड्यावर लोक त्यांच्यापासून थोडं सरकून बसू लागले. रिक्षावाला लांबूनच "केम छो, सेक्रेटरीसाहेब" म्हणायचा. काका खोलीचं दार उघडं ठेवायला लावायचे आणि आतून ओरडून सभा घ्यायचे. "औषधं वेळेवर मिळत नाहीत, त्याबद्दल कोणाला काही बोलायचंय?" सुरुवातीला हॉलमधून दोन-तीन उत्तरं यायची. पुढे एखादं. पुढे खोकला. मग दार बंद ठेवावं असा वरून आदेश आला, आणि नियमाप्रमाणे तो बरोबर होता.

बंद दाराआड ते माझ्याशी बोलायचे. एकदा म्हणाले, "नवा सेक्रेटरी नेमा असं मी दोनदा कळवलं. कोणी नाव दिलं नाही." थोडं थांबून म्हणाले, "आवाज जात नसेल."

आठवड्यातलं सगळ्यांत वाईट अंतर शुक्रवार ते सोमवार. दोन दिवस रक्त धुतलं जात नाही, पाणी साठतं, हृदयावर ताण येतो. आमचे बरेच लोक रविवारी जातात. काका रविवारी गेले. देवघरापाशी बसले होते, तिथेच कलंडले.

मला कळलं सोमवारी सकाळी. मी मशीन तयार करून ठेवलं होतं, नळ्यांमध्ये पाणी फिरत होतं. काकूंचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, "आज येणार नाहीत ग." मी हॉलमध्ये जाऊन सांगितलं. कोणीतरी डोळे मिटले, मग सगळ्यांनी. रिक्षावाल्याने ते लवकर उघडलेच नाहीत.

आमच्याकडे जागा रिकामी ठेवत नाहीत. दुपारच्या आत ऑफिसने डभोईला फोन केला. तिथली एक कॉलेजातली मुलगी, तिलाही हीच कावीळ. तिला कुठलंच केंद्र घेत नव्हतं, कारण वेगळं मशीन फक्त आमच्याकडे. ती आईबरोबर धावतपळत आली. चेहरा सुजलेला, श्वास लागलेला. आईच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. वाटेत कुठे थांबून घेतला, कुणास ठाऊक.

"लो ने, बेन," ती मला म्हणाली. "नंबर लागी गयो." तिला बोलताना रडू येत होतं, आनंदाने. मी पेढा घेऊन एप्रनच्या खिशात टाकला आणि चादर बदलू लागले.

तिने गादीवरून हात फिरवला. "अहीं पहेलां कोण हतुं?"

"एक काका होते," मी म्हटलं.

"सारा थई गया?" बरे होऊन गेले का, असं ती विचारत होती. मुलगी खाटेच्या कडेला बसून माझ्याकडे बघत होती, आईपेक्षा जास्त लक्ष देऊन.

"हा, बेन," मी म्हटलं, आणि मशीन सुरू केलं.